प्रिय ताडपत्री, संदर्भ द्यावा

हार्डवेअरच्या प्रत्येक दुकानात एक डबा असतो. जोडी हरवलेले नट, वाकडे स्क्रू, कुठल्या कुलपाची कुणास ठाऊक अशा किल्ल्या त्यात पडलेल्या असतात. त्यात कुणी मुद्दाम काही टाकत नाही, त्यातलं काही विकलं जात नाही, आणि तरी दर दोन वर्षांनी मोठा डबा आणावा लागतो! किस्स्यांचंही तेच. गोळा करायला कुणी बसत नाही, आपोआप साठतात. यंदा तर एकाच बाईच्या एकाच पानानं माझा डबा काठोकाठ भरला.

आधी मंडळी सांगतो. केजच्या बाजारात माझं दुकान. कोयते, दोर, घमेली, खिळे आणि मुख्य माल ताडपत्री. मी रशीद, सातवी पास. पुढचं शिक्षण रद्दीवर झालं. खिळे बांधायला जुने पेपर घ्यायचे आणि बांधायच्या आधी वाचून काढायचे, ही आपली युनिव्हर्सिटी. गिऱ्हाईक ओरडायचं, "शेठ, आधी खिळे द्या, बातमी माझ्या घरी येऊन वाचा!"

शेजारी वैजनाथचं ऑनलाइन फॉर्म भरायचं दुकान. दोन पोरांचा बाप आहे, पण सगळ्या बाजाराचा वैजूच. तिसरे मुळे गुरुजी, रिटायर झालेले. मला शाळेत त्यांनीच शिकवलं, म्हणून आजही चार गिऱ्हाइकांदेखत "अरे गाढवा" म्हणायचा त्यांना पूर्ण अधिकार! दुपारी बाजार सुस्त पडला की आम्ही तिघं माझ्या दुकानापुढच्या बाकड्यावर बसतो.

आणि चौथी शेवंताबाई. माहेर शिरूर कासारकडचं, सासर आमच्या तालुक्यातली एक वस्ती. नवराबायको दर साल ऊसतोडीला जातात, जायच्या आधी कोयते माझ्याकडूनच नेतात. ही बाई मोबाइलवर नकलांचे व्हिडिओ करते. सासू तीच, सून तीच, कारकून तीच. पण गाजला तो तिचा मुकादम, मजुरांची टोळी तोडीला नेणारा! डोक्याला टॉवेल, गळ्यात शिट्टी, एक हात कमरेवर आणि तोंडात एकच वाक्य, "उठा की गं! ऊस काय चालत येणार हाय का?" आमच्याकडं आता शाळेतली पोरं एकमेकांना ह्याच वाक्यानं उठवतात.

एक दिवस ती कोयत्याची धार बघत बघत म्हणाली, "रशीदभाऊ, त्या मोबाइलच्या ज्ञानकोशात माणसांची पानं असत्यात म्हणं. माझं लिवा की."

मी म्हणालो, "बाई, तुला सगळा जिल्हा ओळखतो. पान कशाला पाहिजे?"

तर म्हणाली, "ओळखत्यात वो. लिवलेलं कुठं हाय? मुकादमाच्या यादीत बघा. 'ज्ञानोबा, एक कोयता.' त्यातला अर्धा कोयता मी. पण नाव मालकाचं. मला दुसऱ्यानं लिवलेलं माझं नाव एकदा बघायचंय."

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. ऊसतोडीत नवराबायकोची जोडी म्हणजे एक कोयता. एकटा माणूस म्हणजे अर्धा. यादीत जोडीला एकच ओळ असते, आणि त्या ओळीत नवऱ्याचं नाव असतं, बाईचं नसतं.

आम्ही तिघांनी एकमेकांकडं बघितलं. वैजू म्हणाला, "लिवू की! फुकट हाय. कुनीबी लिवू शकतं."

पुढचं अर्धं वाक्य त्यालाही माहीत नव्हतं. कुणीही खोडूही शकतं!

*

खातं माझ्या नावानं उघडायचं ठरलं. वैजूनं विचारलं, "नाव काय टाकू?" मी गिऱ्हाइकात होतो. गिऱ्हाइकाला काय पाहिजे ते मी ओरडून हनीफला सांगितलं, "ताडपत्री!" हनीफ माझा धाकटा भाऊ, तो आत माल काढायला गेला. आणि वैजूनं ते टाइप करून टाकलं.

त्या दिवसापासून जगाच्या ज्ञानकोशात माझं नाव ताडपत्री.

*

लेख गुरुजींनी लिहिला. दोन पानं! "कलेच्या नभांगणात तेजाने तळपणारी, मराठवाड्याच्या काळ्या मातीतून उमललेली, अष्टपैलू, हरहुन्नरी, सर्वांची लाडकी..." एका वाक्यात श्वास घ्यायला जागा नव्हती. वैजूनं टाइप करून वर चढवलं. गुरुजींनी मिशीवरून हात फिरवला.

दुसऱ्या दिवशी बघतो तर चारच ओळी उरलेल्या. कुणीतरी 'राजहंस' नावाच्या गृहस्थानं सगळं छाटलेलं. खाली निरोप: "प्रिय ताडपत्री, आपल्या योगदानाबद्दल आभार. विशेषणे काढली आहेत. वस्तुस्थिती ठेवली आहे."

गुरुजींचा चेहरा उतरला. वैजू वाचायला लागला, "शेवंताबाई ह्या ऊसतोड कामगार आहेत. त्या विनोदी व्हिडिओ करतात..."

"बस कर," गुरुजी म्हणाले. "ह्या माणसाच्या हाती माझ्या निरोप समारंभाची भाषणं पडली, तर 'गुरुजी होते. गेले.' एवढंच शिल्लक राहील!"

*

मग जन्मतारीख. शेवंताबाईनं शाळेचा दाखला आणला, एक जून. वैजूनं टाकली. कॅमेरा धरणारा म्हणून नवऱ्याची माहिती टाकली, ज्ञानोबाचीही एक जून. माझ्या खात्यावर माझी टाकली. माझी पण एक जून.

राजहंसाचा निरोप आला. "प्रिय ताडपत्री, आपण दिलेल्या तिन्ही व्यक्तींचा जन्म एकाच तारखेचा दिसतो. बहुधा उतरवून घेताना चूक झाली असावी. कृपया तपासावे."

वैजू म्हणाला, "च्यायला, माझी पण एक जूनच हाय!"

आम्ही सगळे गुरुजींकडं बघायला लागलो. ते शांतपणे चहा ओतत होते बशीत.

"माझ्याकडं काय बघता? जूनमध्ये शाळा उघडायची. आईबाप पोराला आणून उभं करायचे. तारीख विचारली की सांगायचे, 'ज्वारी काढायला आली हुती तवा झालं.' ज्वारीची तारीख कुठल्या रकान्यात लिहू? पोराचा हात डोक्यावरून पलीकडच्या कानाला लागला की सहा वर्षं पूर्ण, एक जून, बस खाली. हा काही माझ्या एकट्याचा उद्योग नाही. अर्ध्या मराठवाड्याला आम्ही मास्तरांनीच जन्म दिलाय!"

हे वाक्य वैजूनं जसंच्या तसं राजहंसाला पाठवलं.  दोन दिवसांनी उत्तर आलं, "खुलासा मिळाला. परंतु दाखल्यावर शंका निर्माण झाली आहे. खरी तारीख उपलब्ध आहे का?"

शेवंताबाईला विचारलं. ती म्हणाली, "आई सांगायची, पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी. बैलाच्या शिंगाचा रंग अजून हाताला लागत हुता."

इतकी पक्की खूण! पण शिंगाचा रंग ज्ञानकोशात चालत नाही. राजहंसानं तिथं लिहिलं, "जन्म: अज्ञात."

शेवंताबाईनं वाचून घेतलं आणि उसळली. "अज्ञात काय? मी हितं समोर बसलेय की!"

*

फोटो पाहिजे होता. वैजूनं तिच्याच व्हिडिओतला एक झकास फोटो काढून लावला. मुकादमाचा टॉवेल, शिट्टी, सगळं. राजहंसानं तोही काढला. म्हणे फोटो ज्यानं काढला त्याचा हक्क, त्याची लेखी परवानगी पाहिजे.

फोटो काढणारा ज्ञानोबा. कमी बोलणारा माणूस. सगळे व्हिडिओ तोच काढतो, आणि सगळ्या व्हिडिओंत डाव्या कोपऱ्यात त्याचा अंगठा येतो. बघणाऱ्यांना त्याची इतकी सवय झालीय, की एकदा अंगठा आला नाही तर लोकांनी खाली विचारलं, "दाजी आजारी हायत का?"

त्याला बोलावून बाकड्यावर बसवलं. गुरुजींनी समजावलं, "ज्ञानोबा, हा फोटो जगाला दाखवायचा तर कायद्यानं तुझी परवानगी लागते."

ज्ञानोबानं टोपी काढली, परत घातली. बायकोकडं बघितलं. मग हळूच म्हणाला, "गुरुजी, परत एकदा म्हना की."

"तुझी परवानगी लागते."

"शेवंताला?"

"हो."

"माझी?"

"अरे हो!"

ज्ञानोबा म्हणाला, "वीस साल झाली लग्नाला. हे आज कळालं!"

शेवंताबाई म्हणाली, "सही करा गुमान, लई हवेत जाऊ नगा."

त्यानं सही केली. फोटो लागला, अंगठ्यासकट. पण गुरुजींना राहवलं नाही, त्यांनी लेखात एक ओळ घातली, "प्रत्येक व्हिडिओत डाव्या कोपऱ्यात अंगठा दिसतो." राजहंसाचा निरोप हजर. "प्रिय ताडपत्री, अंगठ्यासाठी संदर्भ द्यावा."

*

इथवर हसण्यावारी चाललं होतं. मग एक दिवस वैजू दुकानातून उठून पळत आला. पानाच्या डोक्यावर पाटी लागली होती. राजहंसानं लावली नव्हती, दुसऱ्याच कुणीतरी. "ह्या व्यक्तीची उल्लेखनीयता सिद्ध होत नाही. स्वतंत्र, छापील संदर्भ न मिळाल्यास सात दिवसांनी हे पान काढून टाकण्यात येईल."

शेवंताबाई नेमकी त्या दिवशी आली. आम्ही सांगायचं टाळत होतो, पण बाई नकला करणारी. आमची तोंडं बघूनच ओळखलं.

"खोडणार का?"

वैजूनं मोबाइल उलटा ठेवला.

"यादीत नव्हतंच," ती म्हणाली. "हितं आलं अन् चाललं. आलंच नसतं तर बरं हुतं." आणि कोयत्याची मूठ न बघताच पिशवीत टाकून निघून गेली. घासाघीस न करता तिनं माल नेला असं पहिल्यांदाच झालं. तेव्हा मला कळलं, बाईला लागलंय.

मी वैजूला म्हणालो, "सात दिवस हायत ना? बस मग. दुकान हनीफ बघंल."

*

'स्वतंत्र संदर्भ' म्हणजे काय, ह्यावर एक दुपार गेली. गुरुजींनी सोपं करून सांगितलं, "तिच्या नात्यातला नको, ओळखीतला नको, तिच्याकडून फायदा असलेला नको. अशा माणसानं छापलेलं पाहिजे."

वैजू म्हणाला, "गुरुजी, आपल्या तालुक्यात नात्यात न्हाई अन् ओळखीत न्हाई असा मानूस म्हंजे एस्टीचा बदलून आलेला कंडक्टर! त्याला काय छापायला लावू?"

मग वैजूच्या डोक्यात आलं, छापील म्हणजे बॅनर! आमच्याकडं बॅनर कशावरही लागतो. वाढदिवस, निवड, नवी मोटारसायकल. शेवंताबाईच्या व्हिडिओला लोकांनी डोक्यावर घेतलं तेव्हा चौकात केवढा मोठा बॅनर लागला होता! "शेवंता मावशींचे हार्दिक अभिनंदन!" त्याचा फोटो वैजूनं वर टाकला. संदर्भ क्रमांक एक.

राजहंसाचं उत्तर तासाभरात. "प्रिय ताडपत्री, फलक पाहिला. खाली 'शुभेच्छुक: रशीदभाई ताडपत्रीवाले' असे लिहिले आहे. ते आपणच का?"

मी वैजूला म्हणालो, "लिव, योगायोग."

गुरुजी म्हणाले, "अरे गाढवा, त्यात तुझा फोटो शेवंताबाईपेक्षा मोठा आहे!"

*

तिसऱ्या दिवशी शेवंताबाईनं स्वतःच घोळ घातला. तिला वाटलं, हे तिघं काही कामाचे नाहीत. भाच्याच्या मोबाइलवरून तिनं आपल्या पानात स्वतः एक ओळ घातली. तीही काय, तर स्वतःचं कौतुक नव्हे. "हिला सासूचा रोल नीट जमत नाही, मुकादमाचा जमतो."

राजहंसानं ती पुसली. "व्यक्तीने स्वतःविषयी स्वतः लिहू नये. ते खरे असले तरी."

ती दुपारी दुकानात येऊन गुरुजींशी भांडली. "खरं असलं तरी न्हाई? मंग लिवायचं कुनी, खोटं बोलनाऱ्यानं?"

गुरुजी म्हणाले, "बाई, रशीद स्वतःच्या खिळ्यांना चांगलंच म्हणणार. खिळा कसा आहे ते सुताराला विचारायचं."

शेवंताबाईनं काउंटरवरचा एक खिळा उचलून बघितला. मग म्हणाली, "हे मातर बराबर हाय," आणि ते वाक्य तिनं पाठ केल्यासारखं दोनदा पुटपुटलं. "सोताबद्दल सोतानं लिवायचं न्हाई. खरं असलं तरी."

*

चौथ्या दिवशी मला माझी युनिव्हर्सिटी आठवली. दुकानाच्या माळ्यावर रद्दीचा ढीग. मी लुंगी खोचून वर चढलो आणि एकेक पान उलगडायला लागलो. दुपारपर्यंत नाकातोंडात धूळ. आणि सापडलं! एका जुन्या पेपरात नारायणगडाच्या जत्रेचा अर्धा कॉलम. त्यात शेवटाकडं लिहिलेलं, जत्रेत शेवंता नावाच्या ऊसतोड कामगार महिलेनं मुकादमाच्या नकला करून लोकांना लोटपोट हसवलं. पूर्ण नाव, गाव, सगळं! तिच्या मोबाइलच्या आधीची बातमी. लिहिणारा कोण, कुठला, आमच्यापैकी कुणाला माहीत नाही. म्हणजे एकदम स्वतंत्र!

मी तो कागद काउंटरवर ठेवला, वर वजन ठेवलं, आणि हातपाय धुऊन नमाजला गेलो. परत आलो. वजन होतं, कागद नव्हता.

"हनीफ! इथला कागद?"

हनीफ म्हणाला, "भाई, दो इंची खिळे का गिऱ्हाईक आया था. पाव किलो. बांधून दिया."

मी डोक्याला हात लावला. पस्तीस वर्षं मी लोकांच्या बातम्यांत खिळे बांधले, आज माझ्याच बातमीत बांधले गेले!

गिऱ्हाईक कोण हे हनीफला ठाऊक होतं, नशीब. केजपासून सहा-सात किलोमीटरवरच्या वस्तीवरचा एक सुतार. वैजूची मोटारसायकल काढली. वैजू पुढं, मी मागं. गुरुजींना म्हणालो, "तुम्ही बसा सावलीत." तर म्हणाले, "संदर्भ तपासायला जाणकार माणूस लागतो," आणि दोघांच्या मधे घुसले.

वस्तीवर पोचलो. सुतार कामावर गेलेला. त्याची बायको दारात. खिळे डब्यात ओतलेले. कागद?

"त्यो व्हय? फडताळात आंथरला. लई मोठा हुता, बराबर बसला."

आत जाऊन बघतो तर खरंच. आमचा संदर्भ फडताळात, आणि त्याच्यावर लोणच्याची बरणी!

मी म्हणालो, "ताई, तो कागद पाहिजे. बदल्यात नवाकोरा पेपर देतो. दोन देतो."

बाई शहाणी. "दोन कावून देताय? काय हाय त्यात?"

गुरुजींनी फडताळापुढं वाकून, चष्मा सावरून, सगळी बातमी वाचून दाखवली. शाळेत तपासणीला साहेब आल्यासारखी. बाई तोंडाला पदर लावून ऐकत राहिली.

"ही आपली ऊस-काय-चालत-येणार-हाय-का वाली शेवंता?"

"तीच!"

"मंग तर मी कागद अजिबात देनार न्हाई. माझ्याच फडताळात ऱ्हाऊ द्या तिला!"

काही केल्या ऐकेना. शेवटी वैजूनं फडताळात मान घालून तिथंच फोटो काढला आणि वर चढवला. बाईनं आम्हाला चहा दिला. गुरुजींना त्याच बरणीतलं लोणचंही दिलं.

*

राजहंसाचं उत्तर आलं तेव्हा आम्ही परत बाकड्यावर. "प्रिय ताडपत्री, उत्तम. वर्तमानपत्राचे नाव व दिनांक दिसतात. परंतु पान क्रमांक दिसत नाही. त्या जागी काहीतरी गोल वस्तू आहे."

बरणी!

वैजूनं सुताराला फोन लावला. सुतार कुणाच्या तरी छपरावर होता. त्यानं बायकोचा नंबर दिला. बाईला फोन लावला, स्पीकर चालू केला.

"ताई, आमी केजहून. ती बरणी जरा उचला."

"आत्ता तर खाऊन गेलाव की! अजून लोनचं पायजे?"

"लोनचं न्हाई, ताई. बरणीच्या खाली कागदावर आकडा हाय बघा कोपऱ्यात. तेवढा सांगा."

तिकडं बराच वेळ बरण्यांचे आवाज. मग बाई म्हणाली, "पाच हाय. पन तेल लागलंय. आठ बी असंल."

गुरुजींनी फोन ओढून घेतला. "बाई, नीट बघा! एका बाईचं नाव राहायचं का जायचं, ते ह्या आकड्यावर आहे!"

बाईनं पदरानं पुसल्याचा आवाज आला, शपथेवर सांगतो, फोनवर ऐकू आला. आणि मग ठणठणीत उत्तर, "पाच! पाचच! लिवा!"

*

सातव्या दिवशी सकाळी दुकान उघडायच्या आधी वैजू माझ्या घरी आला. पाटी गेली होती. पान राहिलं होतं. "संदर्भ १" म्हणून आमचं फडताळ. आणि खाली "संदर्भ २" पण! तो आम्ही दिलाच नव्हता.

राजहंसानं स्वतः शोधला होता. कुठल्याशा वाचनालयात बसून, एका जुन्या मासिकातला ऊसतोड बायकांवरचा लेख, त्यात शेवंताबाईच्या नकलांवर पूर्ण परिच्छेद.

मी वैजूला सांगून निरोप लिहिला, "राजहंसजी, तुमचे उपकार झाले. पण तुम्ही तर आमचं सगळं कापत होता. मग एवढी मेहनत कशासाठी?"

उत्तर आलं. "प्रिय ताडपत्री, मी त्यांचे सर्व व्हिडिओ पाहिले आहेत. काही दोनदा. परंतु ते संदर्भ म्हणून चालत नाही."

*

शेवटचा किस्सा माझ्या दुकानाच्या पायरीवर झाला.

तोडीला निघायचा दिवस. ट्रक दुकानापुढं लागलेला, कारण सगळ्या टोळीला ताडपत्री माझ्याकडूनच घ्यायची असते. भांडी, अंथरुणं, कोंबड्या, पोरं, सगळं वर चढत होतं. बापूराव मुकादम पायरीवर उभा राहून यादी वाचत होता. डोक्याला टॉवेल, गळ्यात शिट्टी, एक हात कमरेवर. खरंच सांगतो, तो शेवंताबाईची नक्कल करतोय असंच वाटत होतं!

"ज्ञानोबा, एक कोयता!"

ज्ञानोबा "हजर" म्हणणार तेवढ्यात शेवंताबाई पुढं आली. पिशवीतून एक कागद काढला. वैजूनं छापून दिलेलं पान, घडीवर घडी घातलेलं.

"मुकादम, आधी हे वाचा."

बापूराव म्हणाला, "काय हाय? अर्ज हाय का?"

"वाचा तर."

तो वाचायला लागला, बोट ठेवून, मोठ्यानं. "शेवंताबाई ह्या ऊसतोड कामगार आहेत..." ट्रकवरची माणसं वाकून ऐकायला लागली. ड्रायव्हरनं गाडी बंद केली. बापूराव पूर्ण वाचत गेला, जत्रा, नकला, संदर्भ एक, पान पाच, संदर्भ दोन. वाचून झाल्यावर त्यानं कागद उलटा करून मागंही बघितलं.

"हे कुनी लिवलं?"

"मी न्हाई लिवलं," शेवंताबाई म्हणाली. "माझ्या नात्यातल्यानं बी न्हाई. समद्या दुनियेत माझं नाव हाय, मुकादम. तुमच्या यादीत न्हाई."

 बापूरावनं कान खाजवला. मग खिशातून पेन काढलं, यादी गुडघ्यावर ठेवली आणि 'ज्ञानोबा, एक कोयता' ही ओळ खोडली. तिच्याखाली दोन ओळी लिहिल्या. लिहिताना मोठ्यानं म्हणत होता. "ज्ञानोबा, अर्धा कोयता. शेवंता, अर्धा कोयता."

शेवंताबाईनं ती ओळ बघितली. अक्षरांवरून एकदा बोट फिरवलं.  ज्ञानोबानं पलीकडं तोंड करून टोपी नीट केली.

आता गाडी निघणार, तर बापूरावनंच अडवली. "थांबा थांबा. आता माजं बी नाव त्यात टाका!"

"कशात?"

"ह्या दुनियेच्या कागदात! टावेल माजा. शिट्टी माजी. 'ऊस काय चालत येणार हाय का' हे बी माजं वाक्य. चोवीस साल झाली, मी म्हनतोय. तुजं नाव झालं अन् माजं कावून न्हाई?"

शेवंताबाई म्हणाली, "पुरावा हाय का? छापील?"

बापूराव गडबडला. "पुरावा... ही यादी हाय की! बग, वर लिवलंय, 'बापूराव, मुकादम.'"

"ते कुनी लिवलं?"

"मीच."

"न्हाई चालत. सोताबद्दल सोतानं लिवायचं न्हाई," शेवंताबाई म्हणाली. "खरं असलं तरी."

ट्रकवरच्या बायका हसायला लागल्या. मुळे गुरुजी बाकड्यावरून ओरडले, "शाबास!"

बापूराव लालबुंद. त्यानं पेन आणि यादी तिच्यापुढं धरली. "मंग घे. तूच लिव माजं नाव. दुसऱ्यानं लिवलेलं चालतं ना? लिव!"

शेवंताबाईनं पेन घेतलं. चौथी शिकलेली बाई. काउंटरवर यादी ठेवून, जीभ दातात धरून, एकेक अक्षर काढत तिनं सगळ्यात खाली लिहिलं. मी शेजारी होतो, मी वाचलं.

"बापूराव, अर्धा कोयता."

पेनाचं टोपण लावून तिनं यादी त्याच्या हातात दिली, ट्रकच्या फाळक्यावर पाय ठेवला आणि वर चढून मागं वळली.

"चला की मुकादम! ऊस काय चालत येणार हाय का?"